चार हिरवे दिवे

बोलपेटीवरचे चारही दिवे हिरवे होते, आणि त्रिशला मगदूम गेल्या पाच महिन्यांत एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

त्यांचे पती भरतेश मगदूम सकाळी उठले की आधी त्या दिव्यांकडे बघायचे. जैन बस्तीत दर्शनाला जायचं ते त्यानंतर. एक दिवा विजेचा, तीन दिवे पेटीतल्या तीन नेटवर्क कार्डांचे. या माणसाचं उभं आयुष्य मिरजेत सायबर कॅफे, आणि कॅफेंचे दिवस सरल्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवण्यात गेलेलं. तुम्हा-आम्हाला हिरवा दिवा दिसला की हायसं वाटतं. मगदूमांना वाटायचं नाही, कारण एखादा जरी दिवा लाल असता तरी निदान दोष पेटीचा ठरला असता.

तीन वर्षांपूर्वी त्रिशलाबाईंच्या मेंदूच्या देठापाशी एक बारीकशी रक्तवाहिनी तुंबली. त्या वाचल्या, पण हातपाय गेले आणि जीभही गेली. डोळे उघडे असत, तरी पापणीवर ताबा नव्हता, त्यामुळे हो-नाहीची साधी खूणसुद्धा जमत नसे. ऐकू मात्र सगळं येत होतं, कळतही होतं. आता हे बाहेरच्यांना कसं कळलं म्हणाल, तर टिकलीमुळे.

माणूस बोलतो तेव्हा शब्द काही जिभेवर तयार होत नाही. तो आधी मेंदूत होतो, आणि तिथून जिभेला, ओठांना, घशाला हुकूम सुटतात. त्रिशलाबाईंचे हुकूम सुटत होते. वाट खचल्यामुळे पोचत नव्हते. टिकली म्हणजे कवटीच्या आत, मेंदूला लगटून बसवलेली एक चकती, आकारानं खरंच टिकलीएवढी. ती हे हुकूम वाटेतच टिपायची. हुकूम सुटले तरच पाठवायची, एरवी गप्प. तिच्याकडून ते बिनतारी कपाटावरच्या पेटीत यायचे, पेटी ते इस्पितळाच्या मोठ्या यंत्राकडे धाडायची, ते यंत्र हुकमांचे शब्द करायचं, शब्द परत पेटीत यायचे आणि पेटी बोलायची. एवढी सगळी ये-जा व्हायची, पण ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई समोरासमोर बोलतायत. आवाज त्यांचाच होता, लग्नाच्या व्हिडिओतून आणि फोनवरच्या जुन्या निरोपांतून जुळवलेला. त्यामुळे साठीच्या बाईच्या अंथरुणातून मधूनच पंचविशीतली त्रिशला बोलल्यासारखी वाटे, आणि मगदूम काहीतरी कारण काढून स्वयंपाकघरात जाऊन उभे राहत.

दोन वर्षं त्या आवाजानं घर भरून गेलं होतं. मूलबाळ नव्हतं, पण दारात येणाऱ्या-जाणाऱ्यांची कमी नव्हती. पडल्या पडल्या त्या खिडकीतून भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून भांडत, समोरच्या सूनबाईला लोणच्याचं प्रमाण सांगत, आणि नवऱ्याला लग्नाआधी दुकानात मारायच्या तशी "ओ मगदूम" अशी हाक मारत. आषाढातल्या एका सकाळी ती हाक आली नाही. दुपारी आली नाही. मग आलीच नाही.

इस्पितळानं तिथूनच तपासणी केली. पेटी ठीक, टिकली ठीक, लाइन ठीक, रुग्णाकडून शब्द येत नाहीत. डॉक्टर भले होते, घायकुते नव्हते. त्यांनी वाट पाहिली, औषधं बदलून पाहिली. शेवटी कार्तिकात ते स्वतः घरी आले आणि म्हणाले, "अशा रुग्णांत कधीकधी मन बोलायचंच सोडून देतं. हुकूम सुटेनासे होतात. टिकलीभोवती थोडी सूज आहे. वापर होत असता तर धोका पत्करला असता. आता काढलेली बरी. पण एक सांगतो, एकदा काढली की तिथं परत बसत नाही."

मगदूमांनी होकार दिला. पलंगाच्या कडेला उभं राहूनच दिला. "काढा," ते म्हणाले, "आता आत काही उरलंय असं मला वाटत नाही." गुरुवार ठरला.

तोंडातून निघाल्यापासून ते वाक्य त्यांना टोचत होतं. त्यामागे दुसरी एक भीती होती, जी त्यांनी डॉक्टरांना सांगितली नव्हती. आत काही उरलंच नाही, की आपल्याशी बोलावं असं काही उरलं नाही? दोन वर्षं एका खोलीत, एका माणसाच्या हातचं खाऊन, त्याच्याच त्याच त्या गोष्टी ऐकून कुणालाही वीट येईल. दिवे तर हिरवे होते. मग गप्प कोण झालं, याचं उत्तर त्यांना उघड दिसत होतं.

मंगळवारी दुपारी शलाका बारटक्के आली. इस्पितळाच्या यंत्रविभागातली, तिशीच्या अलीकडची, कामाला चोख मुलगी. गुरुवारच्या आधी पेटी बंद करून न्यायची होती. तिनं चपला दाराशी काढल्या आणि आधी पलंगापाशी जाऊन म्हणाली, "काकू, मी शलाका. पेटी बघायला आलेय." गेल्या कित्येक आठवड्यांत घरात आलेल्या कुणी हे केलं नव्हतं. मगदूमसुद्धा अलीकडे बायकोशी नव्हे, नुसतंच तिच्यापुढे बोलत असत.

"काका, पेटीत काही बदल केला होता का घरी? विचारावं लागतं म्हणून विचारते."

"छे! मी कशाला हात लावतोय?" मगदूम म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

शलाका आपला हातातला पडदा पेटीला बिनतारी जोडून एकेक गोष्ट बंद करायला लागली. काम किचकट होतं आणि मगदूमांना बोलायला माणूस मिळालं होतं. ते नेहमीच्या खुर्चीत, पलंगाला गुडघे टेकवून बसले आणि सुरू झाले.

"तुम्ही पोरांनी सायबर कॅफे बघितलेला नाही. किसान चौकापाशी जिन्याखालची खोली होती आमची. 'संपर्क' नाव. आठ कॉम्प्युटर, मधे प्लायवूडचे आडोसे. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. गदग, कारवार, गोवा, कुठनं कुठनं पेशंट यायचे, आणि त्यांची माणसं आमच्याकडे. पोरगा दुबईत, आई इथं ऑपरेशनला. म्हातारी चप्पल बाहेर काढून यायची, देवळात आल्यागत. फोटो उघडला की तो वरनं खाली उतरायचा, सावकाश. आधी केस. मग कपाळ. लाइन अशी मंद, की डोळे यायला चहा पिऊन व्हायचा. हनुवटी येईपर्यंत म्हातारी उभीच. कन्नडमध्ये रडायची आणि मराठीत म्हणायची, 'अजून पाच मिनिटं असू द्या की हो.'"

"आणि काकू?" शलाका पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

मगदूमांच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. ही गोष्ट त्यांनी जगाला सांगितली होती. "ती आली निकाल बघायला. बारावीचा निकाल तेव्हा नुकताच कॉम्प्युटरवर दिसायला लागलेला. रांग पार रस्त्यापर्यंत, आणि नेमकं त्या दिवशी आमचं नेट बसलं. मी घामाघूम. ही रांगेतनं पुढं आली, म्हणाली, 'सरका जरा.' मुख्य मशीनच्या सगळ्या वायरी उपटल्या, एकेक परत लावली, आणि चालू! मग स्वतःचा निकाल बघितला. फर्स्ट क्लास. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन हजर. मी तेव्हाच म्हटलं, भरतेश, दुकानाला मालक मिळाला."

शलाका हसली, मग हसता हसता थांबली. "काका, घरात अजून कोण राहतं?"

"आम्ही दोघंच की."

"मग घरच्या इंटरनेटवरनं एवढं बाहेर काय चाललंय? बघा ना हा आकडा. काही बघताय का तुम्ही? कॅमेरा वगैरे?"

"माझा फोन तर खिशात आहे."

आकडा उतरत होता. उतरत उतरत जवळजवळ शून्यावर आला आणि तिथं टेकला. शलाका पडद्याकडे बघत राहिली. ही मुलगी हुशार होती, आणि हुशार माणसाला अशा वेळी जे करावंसं वाटतं तेच तिनं केलं: परत तेच करून पाहिलं.

"काका, जरा बोला."

"काय बोलू?"

"काहीही. बातम्या सांगा."

मगदूमांनी कृष्णेवरच्या नव्या पुलाची बातमी सांगितली. आकडा हलला नाही. "आता दुकानाचं सांगा. निकालाचं."

"ती आली निकाल बघायला," मगदूम गोंधळून म्हणाले, "बारावीचा, तिचा स्वतःचा—"

आकडा उसळला. पातेल्यात दूध उतू जावं तसा वर वर चढत गेला. मगदूम गप्प झाले तरी थोडा वेळ चढतच राहिला, मग हळूहळू खाली आला.

शलाका पलंगाकडे वळली. "काका," ती म्हणाली, "टिकली हुकूम सुटल्याशिवाय काही पाठवत नाही."

"म्हणजे?"

"काकू बोलतायत. आत्ता बोलत होत्या."

मगदूमांनी पलंगाकडे पाहिलं. त्रिशलाबाईंचे डोळे नेहमीसारखे उघडे होते, छताच्या पंख्यावर टेकलेले. त्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, पाच महिने नव्हतं तसंच. ते खुर्चीतून उठले.

"बोलायलीय ती?" ते म्हणाले. "मग आवाज का नाही?"

काकूंना खोटी आशा लागू नये म्हणून शलाका पडदा घेऊन त्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "कारण हे इस्पितळाच्या लाइनीवरनं जात नाहीये. घरच्या कार्डावरनं चाललंय. आणि ते शक्य नाही. घरचं कार्ड फक्त पंखा, दिवे, दारावरची घंटा यांच्यासाठी असतं. त्याला बाहेरचा रस्ता आम्ही देतच नाही." बोलता बोलता तिनं पेटीतली सेटिंगची पानं उघडायला सुरुवात केली होती. एका पानावर ती थबकली. "हे पान असतं असं शिकताना वाचलं होतं. कुणी उघडलेलं कधी बघितलं नाही. आता सगळं आपोआप भरलं जातं. हे कुणीतरी हातानं भरलंय."

मगदूम जवळ सरकले. पडद्यावर घरच्या कार्डासमोर, गेटवेच्या, म्हणजे बाहेर जायच्या दाराच्या रकान्यात, एक पत्ता होता. चार आकडे, मधे ठिपके. तो पत्ता त्यांच्या घरच्या राउटरचा होता. असे पत्ते त्यांनी आयुष्यात इतक्यांदा भरले होते, की हे भरल्याची त्यांना आठवणही राहिली नव्हती.

ती आठवण आता आली. ज्येष्ठात रस्ता खणताना इस्पितळाची खास लाइन तुटली होती. त्रिशलाबाई काहीतरी सांगत होत्या, "ओ मगदूम, ते आठवतंय का तुम्हाला," आणि तिथंच पेटी बंद पडली. संध्याकाळी लाइन जोडून येईपर्यंत त्या तशाच अर्ध्या वाक्यावर लटकलेल्या, आणि मगदूम पलंगाशी हात चोळत बसलेले. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, हे परत होऊ द्यायचं नाही. कॅफेत लाइन जाणं रोजचंच होतं, आणि त्यावर त्यांचा एक ठरलेला उपाय असे: जेवढी कार्डं तेवढ्यांना गेटवे देऊन ठेवायचा. एक वाट बंद पडली तर दुसरी असावी. त्यांनी पेटीचं ते कुलूपबंद पान जुन्या हातखंड्यानं उघडलं, घरच्या कार्डालाही गेटवे दिला आणि निवांत झाले.

गोम अशी, की एका यंत्राला जगात जायचं मोठं दार एकच असावं लागतं. दोन दिली तर यंत्र दोन्ही एकदम वापरत नाही. ज्याच्यापुढचा पसंतीचा आकडा लहान, ते दार धरतं आणि दुसरं विसरतं. ज्येष्ठात काही बिघडलं नाही, कारण चालू यंत्र आपली वाट सहसा मोडत नाही. आषाढात एकदा वीज गेली, पेटीची बॅटरीही उतरली, आणि वीज आल्यावर पेटीनं सुरू होताना आपले रस्ते नव्यानं मोजले. घरच्या दाराचा आकडा लहान निघाला. त्या सकाळपासून त्रिशलाबाईंचा प्रत्येक शब्द घरच्या दारातून रस्त्यावर पडला, रस्त्यानं इस्पितळाच्या फाटकाशी गेला, आणि खास लाइन सोडून भलतीकडून आलेला हा कोण पाहुणा म्हणून फाटकावरच अडवला गेला. इस्पितळ मात्र तपासणी करायचं ती आपल्या लाइनीवरून. तिकडून हाक आली की पेटी त्याच दारात उभी राहून इमानानं सांगायची, मी ठीक आहे. दिवे हिरवे होते ते खोटं नव्हतं.

"मीच भरलं हे," मगदूम म्हणाले.

शलाकानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"तिनं पहिल्या दिवशी वायरी उपटून हेच शोधलं होतं, पोरी. मी दोन्ही कार्डांना गेटवे दिलेला. रांगेतल्या पोरांसमोर मला म्हणाली, 'दोन घरचा पाहुणा उपाशी, माहीत नाही का तुम्हाला?' सगळे हसले. पुढं लग्न झालं, दुकान झालं, मी दर वेळी टाकायचो आणि ती दर वेळी काढायची. मला वाटायचं, असू दे की एक जास्तीचं." त्यांनी पडदा हातात घेतला. "हे पाच महिने जे बोलली ते कुठाय? कुठंतरी साठलं असेल ना?"

"नाही काका. अनोळखी म्हणून टाकून दिलेलं साठवत नाहीत."

मगदूम परत खुर्चीत येऊन बसले. एका माणसाचं पाच महिन्यांचं बोलणं. त्यातला एक शब्द कुणाच्या कानावर नाही. त्यांना रडू आलं नाही, नुसती लाज वाटली, इतकी की पलंगाकडे बघवेना.

"तूच काढ तो," ते म्हणाले. "मी आता त्याला हात लावत नाही."

शलाकानं घरच्या कार्डाचा गेटवे पुसला. मग पेटी बंद करून सगळ्या वायरी काढल्या आणि पुन्हा सुरू करून एकेक करत आणलं: आधी टिकलीचं कार्ड, मग इस्पितळाची लाइन. घरची वायर तिनं टेबलावर तशीच ठेवली. दिवे पिवळे झाले, लुकलुकले, हिरवे झाले. तीनच. खोलीत काहीही झालं नाही.

"काका," शलाका हळूच म्हणाली, "निकालाचं सांगा."

मगदूमांनी घसा खाकरला. "ती आली निकाल बघायला. स्वतःचा. फर्स्ट क्लास—"

"माझा नव्हता हो!" पेटी म्हणाली. "पद्मजाचा होता. माझ्या बहिणीचा. कितीदा सांगू? मी तेव्हा डिप्लोमाला होते, बारावी कसली! आणि फर्स्ट क्लास कुठला, गणितात उडाली होती ती. घरी रडारड. पेढे कोण वाटतंय? मी दुसऱ्या दिवशी आले ती छत्री तुमच्याकडं विसरली होती म्हणून आले, आणि तुम्ही ती कुणा गिऱ्हाइकाला देऊन मोकळे—"

आवाज थांबला. तिचा तिलाच ऐकू आला होता.

"ओ मगदूम," पेटी म्हणाली. "ऐकू येतंय?"

"येतंय," मगदूम म्हणाले.

"आज चालू केलंत होय?" आवाज पंचविशीतल्या त्रिशलाचा होता, पण बोलणारी बाई पाच महिने अंधारात ओरडून दमलेली होती. "मला वाटलं, तुम्हीच बंद केलंत. कंटाळून."

शलाका तोंड उघडणार होती. लाइन बिघडली होती एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं, आणि ते अगदीच खोटं झालं नसतं. मगदूमांनी तिला हातानं थांबवलं.

"मीच बंद केलं, त्रिशला," ते म्हणाले. "पण कंटाळून नव्हे." आणि त्यांनी सगळं सांगितलं, ज्येष्ठ, तुटलेली लाइन, अर्धं राहिलेलं वाक्य, हातानं भरलेलं पान. काही झाकलं नाही.

पेटी गप्प. मगदूमांनी घाबरून दिव्यांकडे पाहिलं. शलाकानं पडद्याकडे पाहिलं.

"हुकूम येतायत," ती म्हणाली. "भरपूर. पण यंत्राला त्यांचे शब्द करता येत नाहीयेत. हसल्यावर असं होतं. रडल्यावरही होतं."

"कुठलं आहे हे?"

"ते यंत्राला नाही कळत, काका."

बऱ्याच वेळानं पेटी म्हणाली, "दोन्हीकडं गेटवे टाकलात?"

"हो."

"चाळीस वर्षं सांगतेय मी."

"हो."

"आणि त्या डॉक्टरांसमोर म्हणालात, आत काही उरलं नाही. त्या दिवशी मी सगळ्यात जास्त ओरडले. तुम्ही असे हातभर अंतरावर. मी म्हटलं, मगदूम, अहो मगदूम, मी आहे की. तुम्ही डॉक्टरांना चहा विचारत होतात."

मगदूमांनी कपाळ पलंगाच्या कडेला टेकवलं. आता मात्र ते रडले, लहान पोरासारखे, नाक ओढत. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"चुकलंच," पेटी म्हणाली. "माफ करायचं का ते बघते. सावकाश बघते. मला घाई नाही."

शलाकानं डोळे पुसले आणि ती पलंगाच्या समोरच्या बाजूला, त्रिशलाबाईंच्या नजरेत येईल अशी उभी राहिली. "काकू, गुरुवारी टिकली काढायचं ठरलंय. सूज आहे. ठेवली तर औषधं चालू ठेवावी लागतील, आणि तरी पुढेमागे त्रास होणारच नाही असं नाही, मोठाही होऊ शकतो. काढली तर परत बसत नाही. तुम्ही सांगाल तसं करू."

"मला विचारताय?"

"तुम्हालाच."

"ठेवा," पेटी म्हणाली. "डोकं माझं, सूजही माझी. बोलून झालं की मीच सांगीन काढा म्हणून."

शलाकानं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून त्यांनी दोनदा विचारलं, खात्री आहे ना? शलाकानं फोन पेटीपुढे धरला, आणि त्रिशलाबाईंनी त्यांना चहा गार झाला होता का असं विचारलं. डॉक्टर उद्या स्वतः येतो म्हणाले. शलाका निघाली. जाताना तिनं घरची वायर गुंडाळून आपल्या पिशवीत टाकली आणि मगदूमांनीही ती मागितली नाही.

घरात दोघंच उरली. मगदूमांनी खुर्ची पलंगाच्या अगदी कडेला ओढली.

"सांग," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"काय काय बोललीस ते. पहिल्यापासून."

"अहो, पाच महिन्यांचं?"

"सगळं. मला कुठं जायचंय?"

त्रिशलाबाईंनी सुरुवात केली. आषाढातल्या त्या पहिल्या सकाळी त्यांनी काय हाक मारली होती ते. साखरेचा डबा आणि मिठाचा डबा कामवालीनं अदलाबदल केले होते आणि मगदूम तोंड वाकडं करून खारट चहा पीत होते, ते ओरडून सांगत होत्या ते. पद्मजाचा फोन आला तेव्हा मगदूमांनी तिला काय चुकीचं सांगितलं ते. अशीच फुटकळ, घरगुती, रोजची वाक्यं. मगदूम एकेका वाक्याला उत्तर देत होते, त्या त्या दिवशी द्यायला हवं होतं तसं. कुठं "हो का?" कुठं "असू दे गं." एका ठिकाणी दोघांचं भांडणही झालं, आणि ते त्यांनी पुरतं भांडून घेतलं.

मगदूमांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी दिवस मावळल्यावर जेवलेलं नव्हतं. कॅफेत गिऱ्हाइकांची रांग लागलेली असतानाही ते ऊन उतरायला लागलं की शटर अर्धं ओढून डबा उघडायचे; त्यावरून गावानं त्यांची चेष्टाही केली होती. खिडकीतलं ऊन आता भिंतीवर चढून नाहीसं झालं होतं. स्वयंपाकघरात भाकरी झाकून ठेवलेली होती.

"ओ मगदूम," पेटी म्हणाली. "दिवस मावळला की. जेवायचं राहिलं तुमचं."

"राहू दे," मगदूम म्हणाले. "आपला अजून श्रावणच चाललाय."